आरशामागची पाचर

पनवेलच्या इस्रायल आळीत एझराभाऊ मोठे शास्त्रज्ञ होते, पण आईपुढे अजून अर्ध्या चड्डीतलेच. मी शेजारीण, हे त्यांच्या तोंडावरही म्हणायचे. आमच्याकडे फोन होता, म्हणजे निम्म्या आळीला होता. त्यामुळे त्यांच्या संस्थेचे निरोपही आमच्याच घरी यायचे.

काम काय, तर तारे जिथं जन्मतात तिथली ऊब मोजायची. ही ऊब खालची दमट हवा गिळून टाकते, म्हणून दुर्बीण फुग्याला टांगून हैदराबादहून वर सोडायची. "शोभावहिनी, दोन छोटे आरसे लांब लांब ठेवून त्यांचे किरण एकत्र आणले, की एका भल्यामोठ्या आरशाइतकं बारीक दिसतं," ते सांगायचे. मात्र दोन्हीकडचे किरण बरोबरीनं पोचायला हवेत. त्यासाठी मधला एक आरसा मागेपुढे सरकायचा. तो एझराभाऊंनी स्वतः बसवला होता आणि ट्रकमध्ये हलू नये म्हणून मागं पाचर ठोकली होती. ज्यानं बसवलं त्यानंच काढायचं, दुसऱ्यानं हात लावायचा नाही, अशी तिथली शिस्त.

ब्याण्णव साली आईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं म्हणून ते हैदराबादहून घरी आले. वारा पडत नव्हता, उड्डाण लांबणार असंच सगळे धरून चालले होते. वारा पडला तो नेमका शनिवारी.

सकाळीच चारुताचा फोन. ही त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणारी मुलगी, तिचा सगळा प्रबंध या एका उड्डाणावर. "काकू, तासाभरात सोडतायत. सरांना विचारा ना, पाचर काढू का?"

मी धावत गेले आणि दारातूनच विचारलं. आई समोर खुर्चीत, डोळ्यांवर पट्टी. शनिवार म्हणजे ज्यूंचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस; त्या घरात त्या दिवशी काम नाही, कामाचं बोलणंसुद्धा नाही. हैदराबादला मात्र एझराभाऊ दर शनिवारी खुशाल राबायचे आणि आईंना सांगायचे, तिथं सुट्टी असते.

"आज शनिवार आहे, वहिनी," ते आईंना ऐकू जाईल असं म्हणाले. "उद्या बोलतो म्हणावं."

अहो, नुसती मान हलवली असती तरी मला कळलं असतं! आईंना दिसणारही नव्हतं. आणि मीही शहाणी, जसंच्या तसं फोनवर सांगून मोकळी झाले. माझा मलाच राग येतो.

सूर्य मावळून शब्बाथ संपल्यावर ते आमच्याकडे आले आणि हैदराबादला फोन लावला. फुगा झकास वर गेला होता. पाचर कुणी काढली नव्हती. आरसा जागचा हलला नाही, हाती काहीच आलं नाही. पुढचं उड्डाण कधी, ते कुणालाच सांगता येईना. चारुता फोनवर यायला तयार नव्हती.

"माझ्यामुळे झालं," ते म्हणाले. मी समजूत घातली नाही. खरंच होतं ते.

रविवारी आईंनी मलिदा केला. फुगा नीट वर जाऊ दे, असा त्या एलियाहू हन्नबीला, त्यांच्या प्रेषिताला, नवस बोलल्या होत्या. गुळखोबऱ्याचे पोहे, फळं, आम्हालाही बोलावणं. फुगा गेला, एवढंच त्यांना कळलं होतं. ताट पुढं आलं आणि एझराभाऊंचा हात उचलेना. सगळ्यांदेखत ते बोलून गेले. पाचर, चारुता, हैदराबादचे शनिवार, सगळंच.

"तू समोर बसली होतीस, आई. मला लाज वाटली."

आईंनी चाचपडत त्यांचा हात धरला. "हैदराबादचं ठाऊक होतं रे मला. शनिवारी इथं असलास की तुझी बोटं खुर्चीवर वाजत राहतात, ऐकते ना मी. माझ्यासमोर बोलवत नव्हतं, तर 'आई, जरा आत जा' म्हणायचंस. मी गेले असते. त्या पोरीचं कशाला घालवलंस?"