पाण्याचा हात

आमच्या घरात भुताखेताचं नाव काढायची सोय नव्हती. छप्पन साली बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्यावर सासूबाईंनी घरातले देव टोपलीत भरले आणि स्वतःच्या हातानं विहिरीत सोडले. त्यांच्याबरोबर नवस, अंगारे, दृष्ट, सगळंच गेलं. आमच्या आळीत कोणी दाराला लिंबू-मिरची बांधताना दिसलं की सासूबाई रस्त्यातूनच त्या बाईची हजेरी घ्यायच्या. मला त्यांचा हा ताठा आवडायचा, खरंच आवडायचा. पण त्याच ताठ्यापायी माझ्या धाकट्या जावेवर घरात कोणी विश्वास ठेवला नाही, आणि ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

धनजला आमचं घर. मी कारंज्याला एका खाजगी दवाखान्यात नर्स होते, एस.टी.नं रोज जाऊन-येऊन. सत्तरचं दशक सरत आलेलं. वाशिम जिल्हा तेव्हा व्हायचा होता, आम्ही अकोल्यात मोडायचो. आमचे डॉक्टर विलायतेत राहून आलेले. तिथल्या दवाखान्यानं मोडीत काढलेलं एक सोनोग्राफीचं मशीन त्यांनी आणलं होतं. सोनोग्राफी हा शब्द कोणाच्या तोंडात बसेना, म्हणून लोक म्हणायचे, आवाजाचा फोटो. कसला आवाज, तर कोणाच्याच कानाला ऐकू न येणारा. पोटाला एरंडेल चोपडायचं, मशीनच्या लोखंडी दांड्याला लावलेला बोटभर जाडीचा प्रोब त्यावरून फिरवायचा. आवाज आत जातो, जिथं आपटतो तिथून परत येतो, आणि पडद्यावर हिरवा ठिपका उमटतो. ठिपके जमत जमत बाळ दिसायला लागायचं. खिडक्यांना घोंगड्या टांगलेल्या, भर दुपारी मिट्ट अंधार, आणि त्यात ते हिरवं डोकं. मी कशाला भिणारी बाई नाही, पण त्या खोलीत एकटीनं झाडू मारायला मला नको वाटायचं.

जावेला पाचवा महिना लागला असेल. एक दिवस भाकरी थापता थापता ती म्हणाली, पोटात दोन आहेत. उजवीकडचं लाथा मारतं, डावीकडचंही मारायचं, पण आता ते निजलंय. सासूबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण हळूहळू आम्हाला सगळ्यांनाच दिसायला लागलं. ती डाव्या कुशीवर झोपायची बंद झाली. जेवताना ताटाच्या डाव्या काठाला एक घास काढून ठेवायची, मग शेवटी तोच घास खायची. एकदा मी विहिरीवरून आले तर ही माजघरात एकटी बसून हळू आवाजात कोणाला तरी गप्प करत होती, झोपलेल्या लेकराजवळ दुसऱ्या लेकराला करतात तसं. मी हंडा दारातच ठेवला.

घरात याचा उलगडा लगेच झाला, आणि तो केळ्यावर जाऊन बसला. माझा दीर, म्हणजे तिचा नवरा, पोहरादेवीच्या यात्रेत केळीची गाडी लावायचा. जुळं केळं बाईमाणूस घेत नाही, जुळी पोरं होतात म्हणून. त्यामुळे न विकलेली सगळी जुळी केळी घरी यायची. जावेनं त्यातलं एक चोरून खाल्लं होतं. तिनंच कधीतरी सांगितलं, आणि झालं. सासूबाई म्हणाल्या, केळ्याचं भेव घेतलं हिनं डोक्यात. दीर म्हणाला, आपण हे सगळं सोडलं आणि ही अडाण्यासारखी तेच धरून बसली. या घरात कोणी तिला भूत लागलं असं म्हटलं नाही. सरळ वेडी ठरवली.

मीच म्हटलं, दवाखान्यात दाखवू, एकदाचा निकाल लागेल. सातव्या महिन्यात तिला मशीनखाली घेतलं. एकच बाळ दिसलं, डोकं खाली, बाजूच्या छोट्या पडद्यावर त्याच्या काळजाची रेघ थडथडत होती. फक्त कातडीच्या लगेच खाली एक जाड हिरवा पट्टा होता. डॉक्टर म्हणाले, तो मशीनचा स्वतःचा चिखल आहे, प्रोबच्या तोंडाशी असा नेहमीच असतो, तिथलं वाचायचं नाही. जाऊ त्या पट्ट्याकडेच बघत होती. मी तिला हात धरून उठवलं.

निकाल लागला तो असा. सासूबाई म्हणाल्या, मशीन काय खोटं बोलते? दिरानं ठरवून टाकलं, बाळंत झाली की हिला माहेरी धाडायची, लेकरू हिच्याजवळ ठेवायचं नाही, काही करून बसेल. लेकरू कोणाकडे? तर माझ्याकडे. मला मूल नव्हतं. मला लेकरू पाहिजे होतं, खोटं कशाला सांगू, रोज दुसऱ्यांची बाळं धुऊन पुसून देताना माझा जीव तुटायचा. पण असं? तिच्या अंगावरून ओढून? मी त्या दिवशी दिराला असं झाडलं की तो ओसरीत जाऊन जेवला. त्या संध्याकाळी जाऊ माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "बाई, मी येडी असन तर असो. पन थो हाये. तुमी तरी पाहा."

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना धरलं. म्हटलं, साहेब, तुमच्या मशीनच्या तोंडाशी चिखल आहे, तर त्या चिखलात काय आहे ते तुम्हाला कुठून कळलं? माणूस भला, पण त्याला माझा आवाज चढला की कपाळाला आठ्या पडायच्या. तरी चिडले नाहीत. त्यांनी ज्वारीचे दोन दाणे टेबलावर जवळजवळ ठेवले, वर रुमाल टाकला आणि मला डोळे मिटून अंगठ्यानं दाबायला लावलं. किती? मी म्हटलं, एक. मग हातात विणायची सुई दिली. सुईच्या टोकाला दोन लागले. ते म्हणाले, आवाजाचा झोतही असाच आहे. जाड असला की दोन वस्तूंची एकच करून दाखवतो. आणि झोत सगळीकडे सारखा जाड नसतो, डमरूसारखा असतो. तोंडाशी रुंद, मध्ये कंबर, पुढं परत रुंद. कंबरेपाशी जे येईल ते स्वच्छ दिसतं. हा प्रोब तिकडच्या जाडजूड बायांसाठी घडवलेला, त्याची कंबर खोल. आपल्या वाळक्या बाईची कातडी संपते न संपते तोच पोट सुरू. मग बोलता बोलता ते थांबले. त्यांनी दाण्यांवरचा रुमाल चिमटीनं वर उचलला.

"सिस्टर," ते म्हणाले, "पोट खाली नेता येत नाही. पण प्रोब वर उचलता येईल."

म्हणजे मध्ये पाणी घालायचं. पाणी उकळून गार केलं, कारण एक जरी बुडबुडा राहिला तरी आवाज तिथंच अडतो. ऑपरेशनचा रबरी हातमोजा पाण्यानं तट्ट भरला, मनगटाशी गाठ मारली. जावेला निजवलं, तेल लावलं आणि मी तो मोजा तिच्या पोटावर ठेवला. फुगलेला, पिवळट, गार पंजा, पाचही बोटं पसरलेली. अंधारात तिनं हळूच विचारलं की हा कोणाचा हात आहे. मी म्हटलं, कोणाचा नाही गं, पाण्याचा आहे. माझाच आवाज मला चोरट्यासारखा वाटला.

डॉक्टरांनी पंज्यावरून प्रोब फिरवला. चिखल वर पाण्यातच राहिला. कातडीखालचा तो जाड पट्टा हळूहळू उघडत गेला आणि त्याचे दोन झाले. मागचा मोठ्या बाळाच्या पाठीचा. पुढचा बारीक, वाकडा. एक लिंबापेक्षाही लहान डोकं, दाबल्यासारखं चपटं. त्याच्याखाली मण्यांची ओळ. डाव्या बाजूला, पोटाच्या भिंतीला अगदी चिकटून. मागच्याचं काळीज थडथडत होतं आणि त्या हिरव्या उजेडात हे अगदी शांत होतं. मला ओरडावंसं वाटलं. मी जावेचा पाय घट्ट धरून ठेवला.

डॉक्टरांनी तिला सरळ सांगितलं, लपवलं नाही. दोन होती. एक मागेच थांबलं, वाळलं, दुसरं वाढलं तसं चपटं झालं. जे आहे त्याला धोका दिसत नाही. ती रडली नाही. तिनं फक्त विचारलं, कोणत्या बाजूला. ते म्हणाले, डावीकडे. तिनं डोळे मिटले आणि किती महिन्यांनी कोण जाणे, तिचा सगळा चेहरा सैल पडला.

ती उठून गेल्यावर डॉक्टरांनी पडदा पुसायचं बटण दाबलं. जुनं मशीन, त्यात काढलेलं चित्र कधी कधी पुरतं जात नसे. मोठं बाळ गेलं. ती बारीक ओळ राहिली. त्यांनी परत दाबलं, परत राहिली. पुढच्या बाईला आत घ्यायचं होतं. शेवटी त्यांनी मशीनच बंद केलं आणि आम्ही दोघं बाहेर व्हरांड्यात येऊन उभे राहिलो.

घरी मी सासूबाईंना जे पाहिलं ते सांगितलं. त्या ज्वारी पाखडत होत्या, सूप थांबलं. मग दिराला हाक मारून म्हणाल्या, "लेकरू तिच्यापाशीच राहीन. पुन्हा तोंडातून काढू नको." झालं, विषय संपला. मला त्या क्षणी हायसं वाटलं, आणि लेकरू आता माझ्याकडे येणार नाही हेही त्याच क्षणी कळलं.

ती आमच्याच दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी, चांगली खणखणीत. मग वारेबरोबर ते आलं. बोटभर लांब, तपकिरी, वाळल्या पानासारखं चपटं, पण हात होते, पाय होते, मान एका बाजूला कललेली. अशा वेळी आम्ही काय करतो, तर फडक्यात गुंडाळून बाहेर नेतो, आईला दाखवत नाही. मी फडकं घेतलंसुद्धा. तिनं हात पुढं केला. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या बाजूला सरकल्या.

जावेनं कुशीतली मुलगी उचलून माझ्यासमोर धरली.

"तिले तुमी घ्या घडीभर, बाई," ती म्हणाली. "याले अजून कोनंच घेतलं नाई."

मी पोरीला छातीशी धरलं. जावेनं ते फडकं ओंजळीत घेतलं, पदराखाली नेलं आणि सावकाश डाव्या कुशीवर वळली.