टाळ्यांची कॅसेट

अमेरिकेत आले तेव्हा माझ्या व्हिसावर नोकरी करायला बंदी होती. नवरा नॉर्थ कॅरोलायनात टेक्स्टाइलमध्ये पीएच.डी. करत होता आणि मी घरात डबे पुसत होते. ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. दोन महिन्यांत सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या लावून झाल्या, मसाल्यांच्या बाटल्या वर्णानुक्रमे लागल्या, तेव्हा नवरा म्हणाला, "अगं, विद्यापीठाच्या रेडिओ स्टेशनला व्हॉलंटियर हवेत. तिथे रेकॉर्डींचा उकिरडा झालाय. तू बघ, नाहीतर आता माझ्यावर चिठ्ठी लावशील."

स्टेशन एका इमारतीच्या तळघरात होतं. चार हजारांवर एलपी जमिनीवर, खुर्च्यांवर आणि फ्रिजवर पडलेल्या. मला इतका आनंद झाला की मी त्याच दिवशी कोऱ्या कार्डांचे दहा गठ्ठे मागितले. एका गाण्याला एक कार्ड: गाण्याचं नाव, वाजवणारे, मिनिटं, कपाट, खण. सहा महिन्यांत स्टेशनला हवी ती रेकॉर्ड अर्ध्या मिनिटात मिळू लागली. डीजे मुलं मला 'मॅडम' म्हणायची आणि मी यायच्या आधी कॉफीचे कप उचलून ठेवायची.

मग जागा संपली. मॅनेजरने विचारलं, काय कमी करता येईल? मी नियम काढला: ज्या रेकॉर्डीतली सगळी गाणी दुसऱ्या रेकॉर्डींवर आहेत ती डुप्लिकेट. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी इमारतीसमोरच्या हिरवळीवर विक्री ठरली. नियम लावून मी एकशे ऐंशी रेकॉर्डी बाजूला काढल्या. त्यांत वेल्समधल्या एका रॉक बँडच्या पाच लाइव्ह रेकॉर्डी होत्या. स्टेशनवर सगळे त्यांना नुसते 'वेल्सवाले' म्हणत. हे लोक पंधरा-सोळा वर्षं वाजवत होते. दर दोन वर्षांनी एकजण भांडून बाहेर पडायचा, दुसरा यायचा, मग पहिला परत यायचा. आणि गाणी बघावीत तर तीच ती. एक गाणं तर पाचही रेकॉर्डींवर, शिवाय त्यांच्या स्टुडिओतल्या मूळ रेकॉर्डीवरही. माझ्या कार्डांवर ते सहाव्यांदा आलं तेव्हा मी पेन्सिलने काट मारली आणि पाचही खोक्यात टाकल्या.

विक्री छान झाली. दारात मी एक वही ठेवली होती. ज्यांना कार्यक्रमांचं वेळापत्रक घरी हवं त्यांनी नाव-पत्ता लिहायचा. तीनच्या सुमाराला आवराआवर करत होते तर आमचा सर्वांत जुना डीजे आला. सहा फूट उंच, दाढीवाला, माती-शास्त्राचा विद्यार्थी. सात वर्षं पीएच.डी. करत होता आणि सात वर्षं दर रविवारी दुपारी दोन तास कार्यक्रम करत होता. आता अखेर पदवी झाली होती, आयडाहोत बटाट्याच्या संशोधनाची नोकरी लागली होती. दुसऱ्या दिवशी त्याचा शेवटचा कार्यक्रम.

"मॅडम, वेल्सवाले कुठे आहेत? त्यांच्या खणात नाहीत."

"विक्रीत," मी म्हणाले.

"का?"

"डुप्लिकेट होते."

तो ओरडला नाही. रिकाम्या खोक्यावर बसला आणि हातातला कागद त्याने माझ्यासमोर धरला. उद्याच्या कार्यक्रमाची यादी होती. एकच गाणं पाच वेळा, पाच गावांतलं, पाच वर्षांतलं, ओळीने. सगळ्यात छोटं नऊ मिनिटांचं, सगळ्यात लांब एकवीस. "सात वर्षं मला हे करायचं होतं," तो म्हणाला. "मुद्दाम शेवटच्या दिवसासाठी ठेवलं."

मी पळत सुटले. दोन रेकॉर्डी खोक्यात तशाच होत्या. दोन आमच्याच एका डीजे मुलीने घेतल्या होत्या, तिने हसत परत दिल्या. पाचवी गेली होती. आणि तीच ती एकवीस मिनिटांची, जी अमेरिकेत कधी निघालीच नव्हती. कुणीतरी वेल्सहून आणून स्टेशनला भेट दिलेली.

"चारवर भागणार नाही का?" मी विचारलं. आज हे लिहिताना लाज वाटते, पण विचारलं खरं.

तो मला स्टुडिओत घेऊन गेला. दोन टर्नटेबलांवर दोन रेकॉर्डी लावल्या आणि आळीपाळीने एकाच जागेचं ऐकवलं. पहिलीत गिटारवाला घाईत होता, जणू हॉल बंद व्हायची वेळ झालीय. दुसरीत तोच माणूस तीन वर्षांनी त्याच जागी येऊन थांबला. नुसता थांबला. मागे ड्रम चालू, लोक वाट बघतायत, आणि हा एक सूर धरून बसलाय. मग कुणीतरी प्रेक्षकांतून ओरडलं आणि तो सुटला.

हे मला माहीत होतं. मिरजेत माझे वडील पोस्टात कारकून होते आणि ऐकलेल्या प्रत्येक बैठकीची नोंद ठेवायचे. एकाच गवयाचा भूप त्यांनी अकरा वेळा ऐकला आणि अकराही वेळा नव्याने लिहिला. आई विचारायची, "तोच ना भूप?" ते म्हणायचे, "तोच. पण कालचा नव्हे." अशा माणसाची मुलगी मी, आणि वेल्सवाल्यांना डुप्लिकेट ठरवून मोकळी झाले.

"मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या," मी म्हणाले.

दारातली वही उघडली. पैशांच्या पेटीवर बसलेल्या मुलाला विचारलं, वेल्सवाले कुणी नेले? त्याला आठवत होतं: टोपी घातलेला एक म्हातारा, चर्चमधल्या समूहगानाच्या रेकॉर्डी शोधत होता, त्या तीन घेतल्या आणि ही चौथी. वहीत समूहगानाच्या कार्यक्रमाची चौकशी करणारा एकच पत्ता होता. मॉरिसव्हिल. फोन नंबरची जागा कोरी.

घरी आले तर नवरा सोफ्यावर, उजवा पाय प्लास्टरमध्ये. मागच्या रविवारी पार्किंग लॉटमध्ये क्रिकेट खेळताना चेंडू अडवायला गेला होता.

"ऊठ," मी म्हणाले. "मॉरिसव्हिलला जायचंय."

"ड्राइव्ह कोण करणार?"

"मी."

"तुझं लर्नर्स परमिट आहे फक्त."

"म्हणून तर तू हवायस. लायसन्सवाला शेजारी बसलेला असला की चालतं. त्याचे पाय चालले पाहिजेत असं कुठे लिहिलेलं नाही. मी पुस्तिका वाचलीय."

तोपर्यंत मी गाडी फक्त रिकाम्या मैदानात चालवली होती. पहिल्या सिग्नलला तो डाव्या पायाने जमिनीवर ब्रेक दाबत होता. "हळू. अगं हळू. तो ट्रक आहे, यार, ट्रक." मी आरसा, इंडिकेटर, खांद्यावरून नजर, असं पुस्तिकेतल्या क्रमाने मोठ्याने म्हणत चालले होते. मग शहर मागे पडलं, दोन्हीकडे तंबाखूची कापलेली शेतं आली, रस्ता सरळ झाला आणि मला कळलं की मी चाळीस मैलांच्या वेगाने जातेय आणि मला मजा येतेय. तेव्हा मॉरिसव्हिल म्हणजे रेल्वेचे रूळ, एक गॅस स्टेशन आणि एक पांढरं चर्च. आज तिथे इतकी आपली माणसं आहेत की ताजा कढीपत्ता मिळतो.

रुळांना लागून घर होतं. म्हातारबुवा स्वतःच दार उघडायला आले. रेल्वेतून निवृत्त झालेले, ऐंशीच्या आसपासचे. साडीतली मी आणि कुबडीवरचा नवरा यांच्याकडे त्यांनी आलटून पालटून पाहिलं.

"चर्चची वर्गणी मी दिलीय," ते म्हणाले.

मी सगळं सांगितलं. चूक माझी, रेकॉर्ड स्टेशनची, कार्यक्रम उद्या दोन वाजता. दुप्पट किंमत देते म्हणाले. त्यांनी नकारार्थी मान हलवली, पण आत बोलावलं. रेकॉर्ड प्लेअरवरच होती.

"तुम्हाला हे संगीत आवडतं?" नवऱ्याने विचारलं.

"भयंकर आहे," ते म्हणाले. "बसा."

त्यांनी सुई अगदी काठावर ठेवली. संगीत नव्हतं. एका भरलेल्या हॉलचा आवाज होता. खुर्च्या सरकतायत, कुणी खोकतंय, एक बाई खळखळून हसली, दूर कुणी कुणाला तरी हाक मारली. तब्बल दीड मिनिट. मग गिटार सुरू झाली तशी त्यांनी झटक्यात सुई उचलली आणि कव्हर माझ्या हातात दिलं. मागच्या बाजूला हॉलचा फोटो, बाहेरची चढाची गल्ली, कोपऱ्यावर छोटं प्रार्थनाघर.

"माझे आजोबा या गावातून आले. खाणीत होते. मी कधी गेलो नाही, आता जाणारही नाही. पण ही हसणारी बाई आहे ना, ती माझ्या कुणाची तरी नात असू शकते." त्यांनी कव्हर परत घेतलं. "दुपारपासून नऊ वेळा ऐकलं. रेकॉर्ड मी देणार नाही."

नवरा मराठीत म्हणाला, "चल, आजोबांचं बरोबर आहे." आणि खरंच बरोबर होतं. तिकडे सात वर्षं थांबलेला माणूस आणि इकडे हा. मी दोघांना काय हवं ते मनात मांडलं. एकाला गाणं हवं होतं, गर्दी नको. दुसऱ्याला गर्दी हवी होती, गाणं नको. दोघांना एकच तबकडी कशाला लागते?

"तुमच्याकडे कॅसेट प्लेअर आहे?" मी विचारलं.

"आहे. प्रवचनं ऐकतो."

"मग असं करू. कव्हर तुमच्याकडे राहील, कायमचं. रेकॉर्ड मी नेते आणि तुम्हाला एक कॅसेट करून देते. तिच्यावर फक्त माणसं. हा सुरुवातीचा आवाज, दोन गाण्यांच्या मधलं बोलणं, टाळ्या, शेवटचा गोंधळ. संगीत एक सेकंदही नाही."

"मधेही माणसं आहेत?"

"प्रत्येक गाण्यानंतर. तुम्ही तिथपर्यंत पोचलाच नाहीत."

त्यांनी बराच वेळ फोटोकडे पाहिलं. "सोमवारपर्यंत," ते म्हणाले. मग नवऱ्याकडे वळून, "ही नेहमी अशी असते?"

"रोज," नवरा म्हणाला.

रविवारी दोनच्या ठोक्याला कार्यक्रम सुरू झाला. डीजेने फारसं काही सांगितलं नाही. हे एकच गाणं आहे आणि आज दुपारभर दुसरं काही होणार नाही, एवढंच. मी शेजारी स्टूलवर बसले होते. पहिल्या दोन वेळा मी घड्याळ बघत होते. तिसऱ्या वेळेला, जिथे गिटारवाला थांबतो ती जागा यायच्या आधी मीच श्वास धरला, आणि या खेपेला तो थांबलाच नाही, सरळ वर चढला. मी आणि डीजे एकदम एकमेकांकडे बघून हसलो. चौथ्यात नवा ड्रमवाला होता, तो सगळ्यांना मागे खेचत होता. फोन खणखणत होते. एकजण म्हणाला, गाडी बाजूला घेऊन ऐकतोय. एकीने विचारलं, तुमची रेकॉर्ड अडकलीय का?

पाचवी आम्ही कव्हराशिवाय, साध्या कागदी पिशवीतून काढली. एकवीस मिनिटं. मी काहीही नोंदवलं नाही. संपलं तेव्हा डीजेने माइक जवळ ओढला. तो "धन्यवाद, मॅडम" एवढंच म्हणाला, तेही माइक चालू असताना, त्यामुळे सगळ्या गावाने ऐकलं.

मग दुसऱ्या खोलीत आमचं खरं काम सुरू झालं. तो सुई ठेवायचा, माझा कॅसेट डेकच्या पॉजच्या बटणावर अंगठा. संगीत संपलं की सोडायचं, पहिला सूर आला की दाबायचं. दोनदा मी उशीर केला आणि गिटारचा तुकडा आत घुसला. ते पुसून पुन्हा केलं. शेवटच्या, म्हणजे त्या एकवीस मिनिटांच्या गाण्यानंतर त्या गावाने जवळजवळ चार मिनिटं जमिनीवर पाय आपटले होते. सगळी चार मिनिटं घेतली.

"आयडाहोत हे कुणाला सांगितलं तर विश्वास ठेवणार नाहीत," डीजे म्हणाला. "लाइव्ह अल्बममधून बँड काढून टाकला."

सोमवारी पुन्हा मीच गाडी चालवली. नवऱ्याने एकदाच जमिनीवर ब्रेक दाबला. म्हातारबुवांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॅसेट लावली, कव्हर समोर उभं करून ठेवलं आणि आम्हाला कॉर्नब्रेड दिला. बाई हसली. कुणी हाक मारली. टाळ्या आल्या, एका माणसाने काहीतरी विनोद केला, हॉलभर हशा. ते न हलता ऐकत होते. मग शेवटचा भाग आला. पाय आपटायला लागले, आधी मागच्या रांगांत, मग सगळा हॉल. वाढतच गेलं. टेबलावरचा चमचा थरथरेल इतका आवाज त्यांनी स्वतःच मोठा केला.

कॅसेट संपली.

"एवढं त्यांनी वाजवलं तरी काय?" ते म्हणाले.

"एक गाणं. रेकॉर्ड आता स्टेशनवर आहे. हवं तर आणते."

"केवढं आहे?"

"एकवीस मिनिटं."

त्यांनी फोटोतल्या हॉलकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आणा," ते म्हणाले. "अर्ध्यात थांबवलं तर रागावू नका."