जाळीवरचे बोंबील

१९७१ साल. मी एकोणीस वर्षांचा. आमच्या एडवणसमोरच्या बेटावर लष्कराने विमानं लांबूनच हेरणारं रडार बसवलं होतं. मी तिथे होडीने पिण्याचं पाणी पोचवायचो. होडी लागली की तिथले हवालदार कपाळावर आडवा हात धरून विचारायचे, "काय लेका, आज पण बुडाला नाहीस?"

खरा हुद्दा काय होता कुणास ठाऊक, आम्ही हवालदारच म्हणायचो. माणूस सोलापूरकडचा, समुद्र प्रथमच बघितलेला. होडीत बसले की दोन्ही हातांनी माझा सदरा धरायचे आणि उतरले की छाती काढून चालायचे. बोंबलाच्या वासाने तर नाकाला रुमाल.

लढाई लागली तसा किनारा मोकळा ठेवायला बोंबील सुकवायच्या वलांड्या, म्हणजे बांबूच्या आडव्या दांड्या, काढायचा हुकूम निघाला. हंगाम ऐन भरात. माझी काकी टोपली घेऊन बेटावरच आली.

"हवालदारदादा, मच्छी कुजते हाय. पावसाळ्यात पोरांना काय घालू?"

रडार तेव्हा बिघडलेलं, वरची लोखंडी जाळी नुसती उभी. हवालदारांनी एकदा जाळीकडे बघितलं, एकदा काकीकडे.

"मशीनचा भाग येईस्तोवर घाला हितं. मी बघतो आभाळ डोळ्यानं."

काकीने जबड्यात जबडा अडकवून जोड्या जाळीभर टांगल्या. खाली हवालदार, गळ्यात दुर्बीण, नाकाला रुमाल. तुम्ही बघायला हवं होतं.

भाग घेऊन मोठे साहेब आले ते माझ्याच होडीतून. मी मुद्दाम लांबून वळसा घातला. "खडक हाय सायेब, ओहोटी हाय." पण वारा बेटाकडूनच.

"वास कसला रे?"

"समुद्राचा."

बेटावर साहेबांनी मान वर केली. "हे काय?"

"बोंबील, सर."

"कोणाचे?"

काकी खडकाआड बसलेली. हवालदारांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. "माझे, सर."

"एवढे?"

"आवडतात, सर."

साहेब हसले नाहीत. त्याच दुपारी हवालदारांना बिस्तरा बांधायला लावला. होडीत त्यांनी माझा सदरा धरला आणि हळूच म्हणाले, "काकींना सांग, अजून एक ऊन लागंल. घाईनं भरू नका."

काकीने जाळीवरून काढलेल्या बोंबलांना अंगणात अजून एक ऊन दिलं आणि तिसऱ्या दिवशी त्यातले चांगले वाळलेले हवालदारांसाठी निवडून फडक्यात शिवून दिले. त्यांना कुठे पाठवलं ते ठाऊक नव्हतं, म्हणून मी पोस्टात गेलो आणि त्यांनी कधीतरी दिलेला गावाचा पत्ता सांगितला. बाबू नाक दाबून म्हणाला, "मच्छी पोस्टाने जात नाही."

"मग मी पण जात नाय," म्हणालो, आणि गठडी मांडीवर घेऊन पंख्याखाली बसलो. रांगेतली माणसं एकेक करून बाहेर गेली. शेवटी बाबूने शिक्का मारला, तेव्हाच उठलो.