खंडेनवमीची मशीनगन

ॲडम्सटाउन या आयरिश गावातल्या, स्टेशनाजवळच्या एका घरात, पुढच्या खोलीतल्या बसक्या कपाटावर, दोन पायांवर टेकून एक मशीनगन उभी होती. दुसऱ्या महायुद्धातली, जर्मन, एमजी ४२. तिची नळी आतून कायमची बुजवलेली होती आणि सरकारची परवानगी फायलीत लावलेली होती. गोळी सुटणं सोडाच, तिच्यातून वारासुद्धा जात नव्हता. तिचा मालक शिरीष बोडस इतका शूर, की कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचा. लेकीच्या, ज्ञानदाच्या, वाढदिवसाला फुगे फुगवायचं काम बायकोकडे असे. फुगे संपेपर्यंत हा मागच्या अंगणात उभा राहून हवामानाची पाहणी करी.

मूळचा नागपूरचा. कंपनीत टेस्टिंगचा प्रमुख, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या आणि त्याबद्दल पगार घ्यायचा. घरी तेच काम तो फुकट करतो, असं मुक्ताचं, म्हणजे बायकोचं, म्हणणं. बोडसांच्या सात पिढ्यांत धारदार म्हणाव्यात अशा दोनच गोष्टी, विळी आणि जीभ. अशा घरात मशीनगन आली ती पोर्टलीश नावाच्या गावामुळे. एका रविवारी तिथे जुन्या लष्करी वस्तूंचा बाजार भरला होता. बाहेर आडवा पाऊस, म्हणून हे दोघं आत शिरले. मुक्ता चहा शोधायला गेली आणि ती परत येईपर्यंत नवरा प्रेमात पडला होता. बंदूक त्याने आधी घेतली आणि अभ्यास मग केला. लग्नही त्याने असंच केलं होतं, पण ते चांगलं निघालं.

अभ्यास मात्र झपाटल्यासारखा केला. गरुडाचे शिक्के, कारखान्यांची सांकेतिक अक्षरं, सुट्या भागांवरचे आकडे एकमेकांशी जुळतात की नाही, पत्रा कुठे जोडलाय. हळूहळू देशभरातले हौशी लोक आपापला माल त्याला दाखवायला लागले. 'युअर मॅन इन ॲडम्सटाउन', म्हणजे 'ॲडम्सटाउनचा तो गडी', असं त्याचं नाव पडलं. मोबदल्यात चहा आणि स्कोन नावाचा गोडसर पाव. या नादात सगळ्यात मोठी फसवणूक असते ती युगोस्लाव्ह बंदुकीची. युद्धानंतर युगोस्लाव्हियाने जर्मन एमजीची हुबेहूब नक्कल काढली होती. लबाड लोक तिच्यावरचं युगोस्लाव्ह चिन्ह घासून टाकतात, जर्मन शिक्का मारतात, वरून काळा लेप देतात आणि जर्मन म्हणून खपवतात. अशी बंदूक पकडली की शिरीषचा चेहरा सणासारखा उजळे.

गेल्या वसंतात तो असाच उजळला होता. कासलबारहून पॅट मोरन नावाचा निवृत्त बस ड्रायव्हर घोंगडीत गुंडाळून एमजी घेऊन आला होता. नुकत्याच वारलेल्या भावाची, जॉनीची. जॉनीने ती जिवापाड जपलेली, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलेली. शिरीषने टॉर्च मारला आणि हौशी लोकांच्या क्लबाच्या भरल्या हॉलमध्ये निकाल दिला.

"युगोस्लाव्ह. हे ओळखायला पाच मिनिटं पुरतात. डोळे असलेल्या कुणालाही कळेल. तुमच्या भावाने कधी नीट पाहिली तरी होती का?"

मागून कोणीतरी हसलं. पॅट म्हणाला, "ग्रँड," म्हणजे तिथल्या बोलीत 'ठीक आहे', आणि त्याने घोंगडी पुन्हा गुंडाळली. शिरीष घरी येऊन खुशीत ही हकीकत सांगायला लागला, तेव्हा मुक्ता कपड्यांच्या घड्या करत होती.

"अरे, बंदूक बघितलीस. समोरचा माणूस बघितलास का?"

"मी खोटं सांगायला हवं होतं का?"

"खरं हळू सांगता येत नाही का?" एवढं बोलून ती घड्या घेऊन वर गेली.

क्लबाला मात्र असाच माणूस हवा होता. त्यांनी शिरीषला अधिकृत परीक्षक नेमायचं ठरवलं. एवढंच नाही, तर अस्सल एमजी कशी असते हे नव्या सभासदांना कळावं म्हणून त्याच्याच बंदुकीचे फोटो नमुना म्हणून लावायचे ठरले. क्लबाचा सचिव नोएल फोटो काढायला घरी येणार होता. शिरीषच्या आयुष्यात एवढा मान त्याला कोणी दिला नव्हता. महिनाभर तो शीळ घालत हिंडला. नेमका तो दिवस खंडेनवमीचा निघाला, आणि नेमक्या त्याच सुमारास त्याची आई लीलावतीबाई नागपूरहून आलेल्या होत्या.

खंडेनवमीला शस्त्रांची पूजा करायची. शस्त्रं नसतील त्यांनी अवजारं मांडायची. सकाळी पाटावर विळी, सुऱ्या, पेचकस, मिक्सरचं पातं आणि गाडीची किल्ली ओळीने बसली. लीलावतीबाईंनी ती फौज पाहिली, मग कपाटावरची मशीनगन पाहिली, आणि त्यांना आपल्या मुलाची कीव आली. घरात खरं शस्त्र असताना पेचकसाला कुंकू लावायचं? मुलाने 'हात लावू नकोस' असं बजावलं होतं खरं, पण ते रोजच्यासाठी, सणासुदीसाठी नव्हे. शिरीष वर मीटिंगमध्ये होता, मुक्ता ऑफिसात. बाईंनी किचनच्या कपाटातून व्हिनेगर काढलं, तारेची घासणी घेतली, आणि बिडाचा तवा घासावा तशी ती मशीनगन घासायला घेतली. मग वरून खोबरेल चोपडलं.

शिरीष खाली आला तो कॉफीसाठी.

"आई! काय केलंस हे?"

"काहून ओरडून राहिला? किती मळ होता बाप्पा तिच्यावर! आता पाह्य, कशी चमकून राहिली."

हातभर पत्रा पांढरा झाला होता. या नादात एक मोठा नियम आहे, की जुन्या बंदुकीचा काळेपणा हाच तिचा दागिना, तो कधी घासायचा नाही. शिरीष गुडघ्यांवर बसला. रडूच येणार होतं त्याला. पण खिडकीतला उजेड घासलेल्या जागेवर तिरका पडला आणि त्याचं रडू जिथल्या तिथे थांबलं.

काळ्या लेपाखाली पत्रा खोलगट होता. तिथे कधीतरी काहीतरी कोरलेलं होतं आणि कोणीतरी ते कानशीने खरवडलं होतं. युगोस्लाव्ह चिन्हाभोवती असते तशी वर्तुळाची रेघ कडेला अजून पुसट दिसत होती. दुसऱ्या कोणाची बंदूक असती, तर एव्हाना त्याने टाळी वाजवली असती. चार वर्षं हा माणूस लोकांच्या बंदुकांवर टॉर्च मारत फिरला, पण स्वतःच्या बंदुकीवर कधी मारला नाही. दिव्याखालचा अंधार, दुसरं काय!

"मी फक्त पुसलं रे," लीलावतीबाई आता घाबरल्या होत्या.

"तुझं काही चुकलं नाही आई," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं.

जेवायच्या वेळी मुक्ता घरी आली. तिला त्याने हलक्या आवाजात सगळं सांगितलं. तोवर बाईंनी बंदुकीला हळदकुंकू लावून झेंडूचा घसघशीत हार घातला होता. शिरीषने तो हार जरासा सरकवला, मग आणखी जरासा. घासलेली जागा बरोबर झाकली गेली.

"हार छान बसलाय," मुक्ता म्हणाली. ती पानं वाढायला वळली. शिरीषला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

दुपारी बेल वाजली. दारात कॅमेरा घेऊन नोएल, आणि त्याच्या मागे टोपी हातात धरून पॅट मोरन. नोएलची गाडी दुरुस्तीला गेली होती, म्हणून पॅटने त्याला आणलं होतं. बस ड्रायव्हर निवृत्त झाला तरी लोक त्याला गाडी चालवायला लावतातच.

पूजा काय असते ते मुक्ताने समजावलं. नोएलने लगेच दोन्ही हात मागे बांधले. "ब्लेस केलीये? मग आम्ही नाही हात लावत. दिसतंय तेवढ्याचे फोटो काढतो. फुलांसकट ग्रँड दिसेल."

सुटलो, असं शिरीषला वाटलं. आता कोणीही हार उचलणार नव्हतं. नमुना म्हणून हीच बंदूक लागणार होती आणि परीक्षक म्हणून तोच.

पॅट बंदुकीकडे बघत उभा होता. "देखणी आहे," तो म्हणाला. "जॉनीचीही मला अशीच वाटायची."

"कुठे असते ती आता?" शिरीषने विचारलं.

"शेडमध्ये, टर्फच्या, जळणाच्या ढिगामागे. बैठकीत ठेवली की लोक विचारतात, आणि मग सांगावं लागतं. जॉनी काहीतरी वेंधळा होता असं वाटतं त्यांना." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

शिरीषला स्वतःची लाज वाटली. त्याने पुढे होऊन हार काढला.

"अरे, आरती व्हायची आहे!" लीलावतीबाई ओरडल्या.

"नोएल, फोटो नका काढू. ही जर्मन नाही. इथे चिन्ह होतं, ते खरवडलंय. ही युगोस्लाव्ह आहे. मला आज सकाळी कळलं, तेही आईने घासली म्हणून." आणि मग, आवाज सावरत, "हार मी मुद्दाम इथे सरकवला होता."

नोएल कॅमेऱ्याची पट्टी उगीच आवळत राहिला. पॅटने वाकून ती जागा पाहिली, बोटाने चाचपली, बोटाचा खोबऱ्याचा वास घेतला.

"किती वर्षं आहे ही तुमच्याकडे?"

"चार."

"रोज बघता?"

"रोज."

"आणि कळलं नाही?"

"नाही."

पॅट सरळ उभा राहिला. त्याचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. "ऐकलंस, नोएल? देशातला सगळ्यात हुशार माणूस चार वर्षं रोज बघत होता, आणि त्याला कळलं नाही. आपला जॉनी काही ईजिट, मूर्ख, नव्हता." तो हसला, आणि हसताहसताच त्याने टोपीने डोळे पुसले.

"नव्हता," शिरीष म्हणाला. "आणि मी त्या दिवशी सगळ्यांसमोर तसं बोलायला नको होतं. माफ करा मला."

"ग्रँड," पॅट म्हणाला आणि त्याने शिरीषच्या खांद्यावर थाप मारली. शिरीष नेहमीप्रमाणे दचकला.

मुक्ताने सगळं मराठीत सांगितल्यावर लीलावतीबाईंनी एकच विचारलं, "मंग आता पूजा करायची का नाही हिची?"

"करायची, आई."

आरती झाली. शाळेतून आलेल्या ज्ञानदाने 'ओ माय गॉड, आज्जी, यू स्क्रब्ड इट?' म्हणून घर डोक्यावर घेतलं. नोएलने तीन वड्या खाऊन निर्णय दिला की परीक्षक शिरीषच राहील. फक्त निकाल यापुढे चहाच्या टेबलावर, मालकाला एकट्याला सांगायचा. निघताना लीलावतीबाईंनी पॅटच्या हातात कुंकवाची पुडी ठेवली आणि 'जॉनी' एवढाच शब्द उच्चारला. त्याला तो पुरला.

आठवड्याने शिरीषच्या फोनवर कासलबारहून एक फोटो आला. पॅटची बैठक, भिंतीवर जॉनीचं हसरं चित्र, आणि त्याखाली टेबलावर युगोस्लाव्ह बंदूक, तिच्यावर जरा तिरका लागलेला कुंकवाचा टिळा. खाली पॅटने लिहिलं होतं, 'तुमच्या आईला सांगा, घासलेली नाही. जॉनीला ती काळीच आवडायची.'