भासऱ्यांच्या कॉम्प्युटरातलं घर

आमच्या भासऱ्यांच्या तावडीतून घरातली एकही वस्तू बिननंबरची सुटलेली नाही. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. पुलगावकडच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये त्यांनी हिशेब सांभाळले आणि निवृत्त होऊन हिंगणीच्या घरी आले ते कॉम्प्युटर घेऊनच. मग हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी अख्खं घर भरायला घेतलं. वस्तू कोणती, कधी घेतली, कुठं ठेवली, आणि घसारा किती, म्हणजे जुनी होताना दरसाल तिची किंमत किती उतरली. जे कॉम्प्युटरात गेलं त्यावर लाल ऑइलपेंटनं नंबर. विळ्यावर, पाट्यावर, पाणी तापवायच्या बंबावरसुद्धा. एकदा त्यांचे जावई ओल्या रंगाच्या खाटेवर बसले आणि पांढऱ्या पायजम्यावर खाटेचा नंबर घेऊन उठले. जाऊबाई म्हणाल्या, "आता जवाईबुवालेही घसारा लावता काय?" भासरे गंभीरपणे म्हणाले, "ते आपल्या मालकीचे नाईत." शेजारीण तवा मागायला आली, तर तव्याची जागा बदलल्याची नोंद होईपर्यंत तिला ओसरीत बसावं लागे. तोवर तिच्या घरी मळलेलं पीठ वाळून जाई.

आमच्याकडे धाकटी सून भासऱ्यांशी बोलत नाही. मी तर तशीही कोणाशी फारसं बोलत नाही. त्यांचा निरोप जाऊबाईंमार्फत येई. एका दिवाळीच्या साफसफाईत मला निरोप आला, "त्यायले सांग, शिलाई मशीनची किंमत शून्य झाली. उद्या भंगारवाल्याले देऊन टाकू." ती मशीन मी माहेराहून आणलेली. गावातल्या बायांचे ब्लाऊज मी तिच्यावरच शिवते. घरात माझं म्हणावं असं तेवढंच.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला दारात आला तेव्हा जाऊबाई गोठ्यात होत्या. पदर सावरून मी दाराआडून बोलले, "मशीन चालते जी."

भासरे एवढे दचकले की चष्मा कीबोर्डवर पडला. भिंतीकडे पाहून म्हणाले, "कॉम्प्युटरात शून्य हाये." तेवढ्यात जाऊबाई शेणाच्या हातांनीच आल्या. "अन् तुमच्या कॉम्प्युटरची किंमत किती राह्यली?"

भासऱ्यांनी नोंद काढून पाहिली. तिथंही शून्यच. मग भंगारवाल्याला चहा पाजून रिकामाच पाठवला. चार दिवसांनी जाऊबाईंमार्फत फुलाफुलांचं कापड आलं, कॉम्प्युटरला झाकण शिवायला. शिवून दिलं, तर त्यावरही नंबर टाकला.

आता त्यांना पडद्यावरचं दिसत नाही. कॉम्प्युटर झाकणाखालीच असतो आणि घरभरचे नंबर पुसट होत चाललेत. दसऱ्याला मशीनची पूजा केली की तिचा नंबर मी लाल रंगानं गिरवते. रंगाचा वास ओसरीत पोचला की ते तिथूनच, मध्ये कोणाला न घालता, विचारतात, "मशीन चालते ना?"

"चालते जी," मी म्हणते. पुढच्या दसऱ्यापर्यंत आमचं बोलणं तेवढंच.