खिडकीतली अन्नपूर्णा

विनया सबनीस गेल्याचं ह्यूस्टनच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर समजलं. त्याआधीचा मेसेज मोदकांच्या ऑर्डरचा होता. मी टायर बदलून मिळण्याची वाट पाहत गॅरेजमध्ये बसलो होतो. वर्तमानपत्रात काढलेल्या वर्षांच्या सवयीनं आधी दुसरीकडून खात्री करून घेतली. बातमी खरी होती. सकाळी म्युझियमला जायला ती निघाली आणि घरासमोर गाडीपाशीच कोसळली. हृदयविकाराचा झटका. किल्ल्या हातातच होत्या, असं तिची मुलगी इरा नंतर म्हणाली. विनयाला ओळखणाऱ्या कुणालाही हा तपशील पटेल.

ती मूळची नागपूरची, धातुशास्त्राची इंजिनिअर. ह्यूस्टनला आल्यापासून तेलाच्या पाइपलाइनना कुठे गंज धरतोय हे शोधणं हे तिचं काम. नवरा काही वर्षांपूर्वी गेला, पुढे नोकरी संपली आणि ती शहरातल्या एका म्युझियममध्ये ग्रीक दालनाची स्वयंसेवक गाइड झाली. शुगर लँडच्या घरापासून तिथपर्यंतचं लांबचं ड्राइव्ह तिला आवडायचं, कारण घरी तिला स्वस्थ बसवत नसे. चहा ती ओट्याला टेकून, उभ्यानं प्यायची. जेवणही तसंच. ‘बस ना जरा’ म्हटलं की ‘बसते’ म्हणायची आणि फ्रिजचे कप्पे पुसायला घ्यायची. दालनातही पाहुण्यांना ती एका पुतळ्यापुढे फार वेळ उभं राहू देत नसे. आणि गंमत म्हणजे तिची आवडती देवता हेस्टिया होती, चुलीची देवी. बाकीचे ग्रीक देव भांडतात, पळवून नेतात, रूपं बदलून जगभर हिंडतात. ही घर सोडत नाही. तिच्या फारशा कथा नाहीत, मूर्तीही अगदी मोजक्या. पण नैवेद्यातला पहिला वाटा तिचा. ‘घरी कुणीतरी बसलेलं होतं, म्हणून बाकीच्यांना भटकता आलं,’ असं विनया म्हणायची, आणि हे म्हणतानाही तिची पावलं पुढच्या काचेच्या कपाटाकडे वळलेली असत.

माझी आई नागपूरहून आली होती, तेव्हा तिला घेऊन मी विनयाच्या टूरला गेलो. दालनाच्या दारातच आई थांबली. समोर हात नसलेली एक देवी, तिच्या शेजारी डोकं नसलेला एक देव. ‘अगं बाई, सगळे खंडितच की!’ आई म्हणाली. ‘खंडित मूर्ती विसर्जन करायची असते. यांनी तिकीट लावलंय.’ ती आत यायला तयार होईना. टूर तशीच सोडून विनया बाहेर आली. ‘मावशी, नमस्कार नाही करायचा. नुसतं बघायचं. आणि हे लोकही देवाला वाहिलेली वस्तू फेकत नसत हं. मोडली की देवळाच्या आवारातच पुरायचे. म्हणून तर आपल्याला सापडली.’ ‘म्हणजे मातीत विसर्जन,’ आई म्हणाली आणि आत आली. मग विनयानं तिला धान्याच्या देवीची, डिमिटरची गोष्ट सांगितली. तिची मुलगी पाताळाच्या राजानं पळवली, आईनं पृथ्वीवर काही उगवूच दिलं नाही, शेवटी तडजोड झाली... मुलगी वर्षातला काही काळ आईकडे, उरलेला पाताळात. आईनं सगळं लक्ष देऊन ऐकलं. ‘म्हणजे व्हिजिटर व्हिसाच की!’ विनया इतकी हसली की सिक्युरिटी गार्डनं वळून पाहिलं. ‘मावशी, पुढच्या आठवड्यापासून टूर तुम्हीच द्या.’

तिचा खरा विषय मात्र कांस्य. ग्रीकांनी देवांचे मोठे पुतळे कांस्यात ओतले आणि जमिनीवर राहिलेले बहुतेक पुढच्या लोकांनी वितळवले. आज संगमरवरात दिसतात त्यातल्या कितीतरी रोमन काळातल्या नकला. अस्सल मोठे कांस्य पुतळे उरले ते फार थोडे, आणि त्यातले बरेच बुडालेल्या जहाजांबरोबर समुद्राच्या तळाशी गेलेले. मासेमारांच्या जाळ्यात कुणाचा हात आला, कुणाचं पाऊल आलं. ‘मिठाचं पाणी आयुष्यभर माझा दुश्मन,’ ती म्हणायची, ‘आणि त्यानंच हे वाचवले. ज्यांचं विसर्जन झालं तेच परत आले, बोल आता.’

या बोलण्यामागे आणखी एक गोष्ट होती, ती मला उशिरा कळली. तिच्या स्वयंपाकघरात सिंकच्या वरच्या खिडकीत पितळेची अन्नपूर्णा होती. आमच्याकडे लग्नघटकेआधी मुलगी गौरीहरापाशी बसून अन्नपूर्णेची पूजा करते. ती मूर्ती तिला आई देते आणि तीच ती सासरी नेते. विनया अमेरिकेला निघाली तेव्हा मूर्ती जपून जावी म्हणून तिनं ती प्रेशर कुकरमध्ये ठेवली, भोवती गोडा मसाल्याच्या पिशव्या दाबल्या. विमानतळावर बॅग उघडली गेली, मसाला तपासला गेला आणि पिशव्या कुकरच्या बाहेरच राहिल्या. मूर्ती इथवर मोकळ्या कुकरात आदळत आली. पळी धरलेला हात तुटला. नागपूरहून तिच्या आईनं फोनवर सांगितलं, विसर्जन कर, दुसरी पाठवते. विनया ‘करते’ म्हणाली. दुसरी आली, देवघरात बसली. पहिली खिडकीत राहिली, तुटलेला हात शेजारी स्टीलच्या डबीत. भात झाला की पहिलं शीत तिच्यापुढे ठेवलं जायचं. बाकी कुठलंही काम रेंगाळू न देणारी ही बाई एवढं एक ‘करते’ वर्षानुवर्षं म्हणत राहिली. डाग देऊन हात जोडून का घेत नाहीस, असं मी एकदा विचारलं. ‘जुन्या काळी पुतळ्यांना नवी नाकं बसवायचे. आता ती काढतात. मोडलंय तर मोडलेलं दिसू दे म्हणतात.’

शेवटची भेट उन्हाळ्याच्या सुरुवातीची. इराचं लग्न डिसेंबरात ठरलं होतं. विनया ओटा पुसत म्हणाली, ‘गौरीहराला हीच द्यावी असं वाटतंय. माझ्या आईची आहे.’ गुरुजी नाही म्हणतील आणि देवघरातलीही तुझ्या आईचीच आहे, मी म्हटलं, पण लग्नात तू पूजलेली हीच. ‘तू पेपरवाला, दोन्ही बाजू सांगणार. मला बातमी नकोय, उत्तर हवंय.’ मग फडकं पिळून म्हणाली, ‘बघू.’ ...

ते बघणं राहिलं. दिवसपाणी झाल्यावर इराचा फोन आला. लग्न पुढे ढकलायचं नाही असं ठरलं होतं. खंडित मूर्ती पूजेत चालणार नाही, तिचं विसर्जन करा, असं गुरुजींनी सांगितलं होतं. ‘काका, आईनं डिसाइड केलं होतं का काही? प्लीज, खरं सांगा.’ मी ऐकलं होतं तेवढं सांगितलं. हीच द्यावी असं वाटत होतं, ठरवलं नव्हतं. ‘ओके,’ इरा म्हणाली. ‘विसर्जनाला गॅल्व्हस्टनच्या बीचवर ड्राइव्ह करू या. तुम्ही याल?’

दमट, ढगाळ दुपार होती. किनाऱ्यावरचं पाणी मातकट. मूर्ती आणि डबी तिनं आईच्या जुन्या ओढणीत गुंडाळून आणली होती. चपला काढून ती गुडघाभर पाण्यात गेली, परत आली, पुन्हा गेली. शेजारी एक कुटुंब सीगलना चिप्स घालत होतं. मी काठावर उभा राहिलो. ती परत आली तेव्हा ओढणीचं टोक भिजलं होतं, गाठ तशीच होती.

‘आई टूरमध्ये सांगायची ना, समुद्रात गेलेलं परत येतं म्हणून?’

‘हो.’

‘दोन हजार वर्षांनी, काका. मला एवढी वाट नाही बघायची.’

गाडीत बसल्यावर तिनं एसी लावला. मग म्हणाली, ‘गौरीहराला हीच ठेवणार. गुरुजींना तुम्ही सांगा.’

‘मीच का?’

‘तुम्ही पेपरवाले. वाईट बातमी द्यायची प्रॅक्टिस आहे तुम्हाला.’

आईचाच सूर होता तो. गुरुजींना मी फोन केला आहे. ते अजून हो म्हणालेले नाहीत. इरानं त्यासाठी थांबायचं नाही असं ठरवलं आहे.

त्या संध्याकाळी आम्ही शुगर लँडच्या घरी परतलो. वाटेत घेतलेलं थाई जेवण इरानं ओट्यावर ठेवलं. अन्नपूर्णा खिडकीत, डबी तिच्या शेजारी. बॉक्स उघडून इरानं भाताचं एक शीत चमच्याच्या टोकावर घेतलं आणि मूर्तीपुढे ठेवलं. मग ओट्याला टेकून, उभ्यानंच खायला लागली. गाडीच्या किल्ल्या अजून तिच्या दुसऱ्या हातात होत्या. मीही खुर्ची ओढली नाही. त्या स्वयंपाकघरात बसलेली ती एकटीच होती, खिडकीतली.