चिमीला आलेली हाक

घड्याळं दुरुस्त करण्यात उभा जन्म घालवलेल्या बाबांना आता सकाळ की संध्याकाळ एवढंही कळत नव्हतं. देवाची थट्टा करायची तऱ्हाच न्यारी. दोन मुली. धाकटी परगावी राहून फोनवरून सल्ले द्यायची. सल्ल्याला तिकीट लागत नाही. थोरली बाबांपाशी. तिच्या लग्नाचं राहून गेलं ते गेलंच. ती शिवणकाम करायची. शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे, कुणाची पँट आखूड कर, कुणाची कंबर सैल कर. (कंबर सैल करणारेच जास्त.) बाहेरच्या खोलीत मशीन, आत बाबांची खाट, मध्ये पडदा.

आतून दिवसभर हाक यायची, "कोण आहे?" दर दोन मिनिटांनी. सुरुवातीला ती प्रत्येक हाकेला उठली. मी आहे म्हणायची, तर ते विचारायचे, मी म्हणजे कोण, बाई? सख्ख्या बापाने बाई म्हटलं की ती पडद्याबाहेर येऊन पुन्हा मशीन चालू करायची. पुढे ती बसल्या जागेवरूनच ओ देऊ लागली, मग नुसतं हुं, आणि कधीतरी तेही सुटलं. मुद्दाम नाही सोडलं तिने. लहानपणी बाबांच्या दुकानात तिने विचारलं होतं, एवढ्या टिकटिकीनं डोकं उठत नाही का? बाबा म्हणाले होते, कसली टिकटिक? रोजचा आवाज मेंदू दारातूनच परत पाठवतो गं, नवा तेवढा आत घेतो. तिचंही तसंच झालं. मशीनची खडखड, पंख्याची घरघर आणि बापाची हाक, सगळं एका गाठोड्यात बांधून मेंदूने माळ्यावर टाकलं.

मागणं मात्र तिचं एकच होतं. बाबा तिला चिमी म्हणायचे. आई पाळण्यातल्या नावाने हाक मारायची, धाकटी ताई म्हणायची. चिमी फक्त बाबांची. दोन वर्षांत ते नाव त्यांच्या तोंडून आलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटायच्या आधी एकदा यावं, बस.

एका दुपारी नवीन गिऱ्हाईक आलं. बँकेतली मुलगी, बाहीचं माप चुकलं म्हणून समोर बसून दुरुस्त करून घेत होती. मध्येच म्हणाली, मावशी, आतून कुणीतरी हाक मारतंय. हिने मान वर न करताच सांगितलं की बाबा आहेत, त्यांचं चालूच असतं. बाही पुरी केली, धागा दाताने तोडला.

मुलगी बाही घालून बघत होती. तिने सहज विचारलं, "चिमी कोण हो?"

मशीनवरचा हात तिथेच राहिला.

"काय म्हणाले ते?"

"चिमे, किती शिवतेस, डोळे जातील. ये ना जरा इकडे. दोनदा म्हणाले. मला वाटलं, घरात कुणी लहान मुलगी शिवत बसली असेल."

आवाज तोच, सूर तोच. हाकेत काय आहे ते न बघताच तिच्या कानाने ती दारातूनच परत पाठवली होती.

पडदा बाजूला सारून ती धावली. बाबा खाटेवर उठून बसले होते. तिला पाहून अदबीने पाय आवरून घेतले, बसायला जागा केली.

"या. कुणाकडे आलात?"

ती बाहेर आली आणि त्या परक्या मुलीचा हात धरून म्हणाली, पुन्हा सांग, कसं म्हणाले? रागावून? मुलगी घाबरली बिचारी. नाही हो मावशी, म्हणाली, लाडानं. हसत होते बहुतेक.

तेव्हापासून मशीनवर झाकण पडलं ते पडलंच. हातशिलाईची कामं तेवढी घ्यायची, काज, बटणं, तुरपाई, आणि खाटेशेजारी बसून करायची. आता एकही हाक सुटत नव्हती. कान असे ताणलेले की बाबांनी कूस बदलली तरी सुई थांबे. पण हाक तीच, कोण आहे. एकदा धीर करून ती म्हणाली, "बाबा, मी चिमी."

बाबांनी तिच्या पिकल्या केसांकडे पाहिलं, मग दाराकडे.

"चिमी शाळेतून यायची आहे अजून," ते म्हणाले. "तुम्ही थांबता का?"

"थांबते," ती म्हणाली.